थकलेल्या बिलांचं फोंड्यातलं ऑफिस

ऑफिसचं नाव इथे लिहीत नाही. वकिलांनी स्वतःची जाहिरात करायची नाही असा बार कौन्सिलचा नियम आहे. वकीलबाई या बाबतीत कडक आहेत, "चांगलं लिहा, वाईट लिहा, पण नाव नको" म्हणाल्या. फोंड्याच्या बाजारात, एका स्टेशनरीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत बाई बसतात. दुसरीत एक वयस्क अकाउंटंट, ज्यांना सगळे भाई म्हणतात. भाईंची उभी हयात कंत्राटदारांची पुस्तकं लिहिण्यात गेली. धंदा एकच: आमच्यासारख्या पोटकंत्राटदारांची अडकलेली बिलं, आणि जी अजून अडकलेली नाहीत ती अडकू नयेत म्हणून ठेवायच्या तारखा.

माझा कुंडईला अॅल्युमिनियम आणि काचेचा वर्कशॉप. स्लायडिंग, शॉवर पार्टिशन, रेलिंगची टफन काच. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडणे-बार्देश भागात व्हिलांचं काम इतकं आलं, की माणसं पुरत नाहीत. काम आलं तशी उधारीही आली. गोव्यातल्या प्रत्येक पोटकंत्राटदाराला बिल्डरच्या अकाउंटंटची दोन वाक्यं पाठ असतात. एक, "फाल्यां पळोवया", म्हणजे उद्या बघू. दुसरं, "चवथ होऊ दे", म्हणजे गणेशचतुर्थी होऊ दे. चवथ होते, दिवाळी होते, शिगमा येतो. आपण मात्र जीएसटी दर महिन्याच्या २० तारखेला स्वतःच्या खिशातून भरलेला असतो.

मी गेलो ते आसगावच्या एका साइटच्या बिलासाठी. १८ लाखांच्या आसपास अडकले होते. बिल्डरचं म्हणणं, पावसात स्लायडिंगमधून पाणी आत येतं. हे म्हणणं जुलैत तोंडी निघालं. काचा बसल्या होत्या फेब्रुवारीत, आणि मधल्या काळात त्याचे दोन चेकही वटले होते.

पहिल्या बैठकीचे दीड हजार रुपये. पावती मिळते. बाईंनी पहिला तास माझी कहाणी ऐकलीच नाही. वर्क ऑर्डर, माल पोचवल्याची चलनं, मेजरमेंट शीट, आर.ए. बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेली), बँकेचे उतारे आणि २६एएस, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा उतारा, एवढं टेबलावर पसरायला लावलं. २६एएस कशाला ते आधी कळेना. बिल्डरने माझ्या नावावर टीडीएस भरला असेल, तर माझं बिल त्याने आपल्या पुस्तकात घेतलंय हे दिसतं. तेवढ्यावर दावा जिंकता येत नाही, पण "बिलच मिळालं नाही" असं म्हणायची त्याची सोय जाते. भरला होता.

मग मी विचारलं ते, जे प्रत्येक जण विचारत असावा. माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात टाइल्सचं काम करतो, त्याच्याकडून ऐकलं होतं, की तिकडे पैसे दिले नाहीत तर सरळ इमारतीवर बोजा चढवता येतो. आपल्याकडे का नाही? बाई हसल्या नाहीत, उलट नीट समजावून सांगितलं. तिकडे पोटकंत्राटदाराने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत प्राथमिक नोटीस द्यायची. काम पूर्ण झाल्यावर ९० दिवसांत बोजाची नोंद करायची. मालकाने काम पूर्ण झाल्याची नोटीस नोंदवली, तर पोटकंत्राटदाराला ३०च दिवस. नोंद केल्यापासून ९० दिवसांत कोर्टात जायचं, नाहीतर बोजा गेला. सरकारी इमारतीवर बोजा चढत नाही, म्हणून तिथे मुख्य कंत्राटदाराला पेमेंट बॉण्ड, म्हणजे खालच्यांचे पैसे मिळतील याची हमी, द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या मोठ्या कामांना १९३५चा मिलर कायदा लागतो. मुख्य कंत्राटदाराशी थेट करार नसलेल्याने शेवटचं काम केल्यापासून ९० दिवसांत नोटीस द्यायची, आणि दावा एका वर्षाच्या आत लावायचा. भावाने मला यातला फक्त बोजा सांगितला होता, तारखा सांगितल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, तिकडेही माणसं हरतात ती तारखांपायी.

आपल्याकडे बांधकामाच्या थकबाकीसाठी असा बोजा नाही. फॉर्म एक आणि चौदावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, "इतर हक्क" असा रकाना असतो, त्यात माझ्या स्लायडिंगचं बिल चढत नाही. घर घेणाऱ्यांकडून आलेले ७० टक्के पैसे रेरा कायद्याप्रमाणे वेगळ्या खात्यात बांधकामासाठी आणि जमिनीच्या खर्चासाठी राखलेले असतात, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यावर बिल्डर ते काढतो, पण त्या खात्यावर पोटकंत्राटदाराला थेट हात घालता येत नाही. बिल्डरने मालकाला बँक गॅरंटी दिली असेल, तर ती मालकाची. त्यात आपलं नाव नसतं.

एक गोष्ट मात्र माझ्या ताब्यात होती, आणि ती बाईंनी शोधली म्हणून मी या ऑफिसला मानतो. शॉवर पार्टिशनचा शेवटचा लॉट अजून वर्कशॉपमध्ये होता. मापाच्या काचा, होल पाडलेल्या, दुसऱ्या कोणाच्या उपयोगाच्या नाहीत. मी त्या "संबंध राहू देत" म्हणून पाठवायला निघालो होतो. बाईंनी थांबवलं. माल विक्री कायद्यात, ज्याचे पैसे थकले आणि उधारीची मुदत संपली त्या विक्रेत्याला ताब्यातला माल अडवून धरता येतो. थोडा माल आधी दिला असला तरी उरलेल्यावर तो हक्क टिकू शकतो. हक्क ताब्याशी बांधलेला, काच गाडीतून उतरून बिल्डरच्या ताब्यात गेली की संपला. त्यांनी तसं पत्र लिहिलं, सौम्य इंग्रजीत: माल तयार आहे, मुदत संपलेली बाकी भरा आणि न्या. तीन व्हिलांची बाथरूमं दारांविना राहिली. घर घेतलेली दिल्लीची माणसं डिसेंबरात यायची होती. हा दाब नोटिशीपेक्षा मोठा होता, असं माझं मत.

पण सौदा नुसत्या मालाचा होता की मालासकट बसवण्याच्या कामाचा, यावर पुढचं सगळं अडतं. सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठी २००६चा एमएसएमईडी कायदा आहे. माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात बँक रेट ६.७५ होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज (माझ्या वेळी ते समाधान होतं), मग अशा थकबाकीसाठी असलेली राज्याची फॅसिलिटेशन कौन्सिल, आधी समेट, नाहीतर लवाद. निकालाविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे वाचून कोणालाही वाटेल, आता काय, झालंच काम.

माझंही झालं होतं एकदा. एका फर्निचरवाल्याला नुसते सेक्शन आणि मच्छरजाळीच्या फ्रेम दिल्या होत्या, बसवणं त्याचं. त्याची नोटीस याच ऑफिसने काढली, आणि पैसे कौन्सिलपर्यंत न जाता आले. आसगावच्या वेळी मी तेच करा म्हणून बसलो. बाई म्हणाल्या, "दादा, ही ऑर्डर सप्लाय-कम-इन्स्टॉलेशनची आहे." बसवण्यासकट काम म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलंय, की वर्क्स कॉन्ट्रॅक्टला या कायद्याचा लाभ नाही. गोवा त्याच उच्च न्यायालयाखाली येतो, पर्वरीला त्याचं खंडपीठ आहे. दुसऱ्या बाजूचा वकील पहिल्याच तारखेला हेच काढेल, आणि माझं वर्ष कौन्सिलच्या हद्दीच्या वादात जाईल.

हे सांगून त्यांनी स्वतःची फी गमावली, हे लक्षात घ्या. कौन्सिलचा अर्ज भरून देण्याचे ठरलेले पैसे आहेत, ते मी द्यायला तयार होतो. याआधी मडगावात मी एका सल्लागाराकडे गेलो होतो. त्याने कागद न बघताच अर्ज भरू म्हणून सांगितलं होतं, वर वसुलीवर टक्काही मागितला होता. या ऑफिसात टक्का नाही. वकिलाला निकालावर टक्का घेताच येत नाही, तोही नियमच आहे.

उद्यम नोंदणीचंही, म्हणजे सूक्ष्म-लघू उद्योग म्हणून करायच्या सरकारी नोंदणीचंही, असंच. ती फुकट होते, १ जुलै २०२० पासून ऑनलाइन. पण नोंदणी सौद्याच्या आधीची हवी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. भाईंचा सल्ला सोपा: मोठं पीठ काय म्हणेल ते म्हणू दे, तुम्ही वर्क ऑर्डरवर सही करायच्या आधी नोंदणी करा आणि प्रत्येक बिलावर नंबर छापा. माझी होती. ओळखीच्या सुतारांत, रंगाऱ्यांत निम्म्यांची नाही.

आसगावचा मार्ग मग व्यापारी दाव्याचा. ३ लाखांवरचा बांधकाम कराराचा वाद व्यापारी न्यायालयाकडे जातो. तातडीचा आदेश नको असेल, तर आधी मध्यस्थी करावीच लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्तीची ठरवली. अर्ज जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे. १० ते ५० लाखांच्या दाव्याला ३०,००० रुपये शुल्क, दोघांनी निम्मं-निम्मं. तीन महिन्यांची मुदत, दोघं तयार असतील तर आणखी दोन. एवढा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळतात, ही माझ्या दृष्टीने मोठी सोय. समोरचा आलाच नाही, तर तसा अहवाल मिळतो आणि दावा लावता येतो. आमचा आला. बाथरूमच्या दारांमुळे आला, असं मी म्हणतो. बाई म्हणतात, नोटिशीतल्या जीएसटीच्या परिच्छेदामुळे. पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे त्या बिलातल्या जीएसटीची वजावट, परत करावी लागते, वर व्याज. हे वाचल्यावर त्याच्या सीएने त्याला फोन केला असणार.

मध्यस्थीत रक्कम थोडी कमी झाली. गळतीच्या दोन खिडक्यांना मी सिलिकॉन आणि गॅस्केट पुन्हा करून द्यायचं ठरलं. ते रास्त होतं, त्या खिडक्या पश्चिमेच्या वाऱ्यावर आहेत आणि आसगावचा जुलै म्हणजे पाऊस आडवा येतो. बाकीची रक्कम हप्त्यांनी, तारखा घातलेल्या चेकनी. असा समेट लवादाच्या निवाड्याइतका धरतात, म्हणजे मोडला तर नव्याने दावा न लावता सरळ अंमलबजावणी मागता येते. एक चेक परत आला. त्यात पुन्हा तारखा: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग समोरच्याला १५ दिवस, मग एका महिन्यात तक्रार. चेकचं आयुष्य मुळात तीन महिन्यांचं. भाईंनी मेमोच्या दुसऱ्याच दिवशी नोटीस रजिस्टर पोस्टात टाकली. पैसे १५ दिवसांच्या आत आले.

वसुली झाली ती झाली, पण मी आता तिथे पैसे देतो ते वर्षाच्या करारासाठी, आणि खरं परीक्षण त्याचंच करायचंय. प्रत्येक वर्क ऑर्डरला एक पान. वर ऑर्डरची तारीख आणि उद्यम नंबर. खाली प्रत्येक चलनामागे १५वा दिवस, ४५वा दिवस, आणि बिलामागे १८०वा दिवस. रिटेन्शन कधी सुटणार ती तारीख, कारण पाच टक्के कापून ठेवलेले पैसे मागायचे असतात हे आपण दुसऱ्या साइटच्या गडबडीत विसरतो. आणि शेवटी लाल शाईत तीन वर्षं, म्हणजे दावा लावायची मुदत. ही तीन वर्षं कुठून मोजायची यावर आमच्या धंद्यात भलताच गैरसमज आहे. बहुतेक जण फायनल बिलापासून मोजतात. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर मुदत कायदा काम पूर्ण झाल्यापासून मोजतो. बिल सहा महिन्यांनी दिलं, तर ते सहा महिने गेलेच. मुदत संपण्याआधी समोरच्याने सही करून बाकी मान्य केली, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. म्हणून दर मार्चला ऑफिस "बाकी मान्य" असं एका पानाचं पत्र काढतं. बिल्डरची हिशोबाची माणसं ऑडिटच्या गडबडीत त्यावर सही करून टाकतात. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा भाई चालवून घेत नाहीत.

मार्चचं आणखी एक. २०२३च्या अर्थसंकल्पातून आयकरात ४३बी(एच) आलं. सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत आणि ते वर्षअखेर बाकी राहिले, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. कंपनी असेल, तर ४५ दिवसांपलीकडच्या थकबाकीचा सहामाही अहवालही द्यावा लागतो. सप्लायच्या बिलांसोबत फेब्रुवारीअखेर जाणाऱ्या पत्रात हे दोन परिच्छेद असतात. आरडाओरड नाही, धमकी नाही. मी फोनवर शिव्या घालून जेवढं वसूल केलं असेन, त्याहून जास्त या दोन परिच्छेदांनी आणलं.

नव्या कामांत आता ऑर्डर दोन घेतो, मालाची वेगळी आणि बसवण्याची वेगळी. दर वेगळे, बिलं वेगळी, चलनावर बिल्डरच्या स्टोअरकीपरची सही. बाईंनी हेही सांगून ठेवलंय, की कागद दोन केले म्हणून कोर्ट त्याला दोन सौदे मानेलच असं नाही, व्यवहार खरोखर वेगळा दिसला पाहिजे. काही बिल्डर याला तयार होत नाहीत. एक-दोन कामं मी त्यापायी सोडली.

आता उणिवा. सगळे कागद इंग्रजीत. नोटीस इंग्रजीत जाणं समजू शकतो, पण आपल्या फायलीसाठी मराठीत एक पान सारांश द्यायला काय हरकत आहे? माझा मुलगा वाचून सांगतो म्हणून चालतं, डिचोलीच्या माझ्या रंगारी मित्राने काय करायचं? दुपारी एक ते साडेतीन फोन लागत नाही. गोव्यात ते चालायचंच, पण मडगावचा बिल्डर नेमका जेवणानंतर समेटाचं बोलायला फोन करतो. एका पानावर ४५वा दिवस चलनाऐवजी बिलाच्या तारखेवरून मोजला होता, मी दाखवल्यावर भाईंनी दुरुस्त केला, पण तारखा हाच धंदा असलेल्या ऑफिसात हे व्हायला नको. सरकारी खात्याची बिलं ते घेत नाहीत. सरकारवर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते आणि तो वेगळाच कारभार आहे म्हणतात. आणि ज्याची तीन वर्षं उलटून गेली, त्याला पहिल्या बैठकीतच परत पाठवतात, दीड हजार परत देऊन. माझ्यासमोर एक प्लंबर असा परतला. त्याचा बिल्डर अजून तोंडी "देतो" म्हणत होता, कागदावर काहीच नव्हतं.

वर्षाचा करार छोट्या माणसाला महाग पडू शकतो. वर्षाला दोन-तीनच कामं असतील, तर करार करू नका, दर ऑर्डरला पान उघडून घ्या, ते वेगळे पैसे घेऊन देतात. बारा-पंधरा साइट चालू असतील, तर करारच परवडतो. १ कोटीच्या आतली थकबाकी घेऊन दिवाळखोरी कायद्याची धमकी द्यायची असेल, तर तिथे जाऊच नका, त्या कायद्यासाठी लागणारी किमान थकबाकी २०२० पासून १ कोटीच आहे आणि बाई तसली नोटीस लिहीत नाहीत.

जाताना वर्क ऑर्डर, सगळी चलनं, बिलं, बँकेचे उतारे, २६एएस, उद्यमचा दाखला आणि बिल्डरशी झालेले ईमेल छापून न्या. फोनमध्ये दाखवतो म्हटलं तर भाई खालच्या दुकानात झेरॉक्स काढायला पाठवतात, आणि ती रांग शाळा सुरू व्हायच्या दिवसांत बाजारभर असते. गाडी वर बाजारात लावायला मिळत नाही, बसस्टँडच्या बाजूला लावून चालत या. शनिवारी अर्धा दिवस असतात.